कार्डाचं लॉक

“आधी तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा,” सिस्टर दारातूनच म्हणाल्या. “मग काय बोलायचं ते बोला.”

उचापत्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. दुसऱ्या हातातला कॅमेरा मात्र ठेवला नाही.

“मी नुसता बघत होतो.”

“मिक्सरसुद्धा तुम्ही नुसता बघतच होता.”

मिक्सरचा विषय निघाला की उचापते गप्प बसत. तो मिक्सर खोलल्याला जमाना लोटला होता. त्याची मोटर एका डब्यात, पाती दुसऱ्या डब्यात आणि भांडं कुंडी होऊन खिडकीत, अशी त्याची वाटणी झाली होती. त्यांचं आडनाव खरं वेगळंच. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपहाउसवर त्यांनी जन्म घालवला. तिथे चालू पंपाला कान लावणं, बंद पंप खोलून आत डोकावणं, जे ठीक चाललंय ते आणखी ठीक कसं चालेल याचा शोध घेणं, हे सगळं पाहून सोबत्यांनी त्यांना उचापते हे नाव दिलं. नव्या साहेबाला ते खरंच आडनाव वाटलं आणि त्याने सगळ्यांसमोर “मिस्टर उचापते कोण?” असं विचारलं. उचापत्यांनी हात वर केला. तेव्हापासून ते नाव पक्कं झालं.

सिस्टर म्हणजे त्यांची बायको. बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून सगळी गल्ली सिस्टर म्हणायची. लग्नानंतर उचापतेही एकदा चिडवायला म्हणून तसं म्हणाले आणि तेच तोंडात बसलं. नवरा बायकोला सिस्टर म्हणतो हे ऐकून नवा माणूस दचकायचा. जुन्यांना त्याचं काही वाटत नसे.

“घरातल्या एकूण एक वस्तूचं पोट फाडलंत,” सिस्टर म्हणाल्या. “कॅमेरा तेवढा माझा आहे. त्याला हात लावायचा नाही. शब्द द्या.”

“अगं, पण बटणापासून दोनच वायरी बाहेर काढल्या, की...”

“शब्द.”

उचापत्यांनी शब्द दिला. कॅमेरा कव्हरात गेला आणि कव्हर कपाटावर. तसा तो बरेच दिवस तिथेच पडून असायचा. आणि नेमकं तेच उचापत्यांना सोसत नव्हतं.

हा कॅमेरा साधा, खिशात मावणारा. दवाखान्यात असताना, बाळंतीण घरी निघाली आणि तिची हरकत नसली, की सिस्टर तिच्या बाळाचा फोटो काढत. एकच. दहा काढायचे आणि त्यातला बरा निवडायचा, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. कॅमेरा डोळ्याशी धरून त्या बाळाकडे बघत उभ्या राहायच्या. गाडी खोळंबलेली असायची, बाळाचा बाप घड्याळाकडे बघत असायचा, सिस्टर ढिम्म. बाळाने मूठ उघडली किंवा जांभई संपता संपता कपाळाला आठी घातली, की नेमकं त्या क्षणी बटण दाबायच्या. मग कॅमेऱ्यातलं फोटो साठवायचं कार्ड बाहेर काढून त्याच्या कडेचं बारीकसं लॉक नखाने सरकवायच्या, म्हणजे चुकूनही कुणाच्या हातून तो फोटो पुसला जायला नको. छापलेला फोटो आईबापांच्या हातात पडला, की मगच लॉक उघडायचं. फोटोआधी उघडं, फोटोनंतर बंद. वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाला जितकी कडक शिस्त, तितकीच या कार्डाला.

निवृत्तीनंतर ही रीत त्यांच्या पाठोपाठ घरी आली. गल्लीत बाळ आलं, की पहिला फोटो सिस्टरांचा. शेवटचा फोटो होता केमिस्टच्या नातवाचा. तोवर सिस्टरांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळीने थोडं कमी होईल. गोळीने तोंड कोरडं पडायचं, थरथर होती तिथेच होती. फोटोत नातवाला दोन-दोन नाकं आली. केमिस्ट भला माणूस, म्हणाला छान आलाय. सिस्टरांनी कॅमेरा कव्हरात घातला आणि “त्याची बॅटरी टिकत नाही आता” असं सगळ्यांना सांगून टाकलं. बॅटरी ठणठणीत होती. उचापत्यांनी तपासली होती.

आणि आता त्यांच्या स्वतःच्याच मुलीला दिवस भरत आले होते.

“आई, फोटो तूच काढायचास हं,” ती फोनवर म्हणाली.

“अगं, तुझ्या नवऱ्याच्या फोनवर किती छान येतात.”

“त्याच्या फोनवर हजार येतील गं. मला तुझा एक हवाय.”

“बघू,” म्हणून सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडला. नळ बराच वेळ नुसता वाहत राहिला. भांडं घासल्याचा आवाज नाही, काही नाही. पाणी कामाशिवाय वाहतंय हे कळायला उचापत्यांना आत जाऊन बघण्याची गरज नव्हती. बायकोच्या हातून हा एक फोटो निघालाच पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

अडचण सांगायला सोपी होती. पाइपाच्या तुकड्यांचं स्टँड त्यांनी आधीच करून पाहिलं होतं, पण सिस्टरांचं बोट बटणावर पडलं की कॅमेरा स्टँडसकट मान हलवायचा. टायमर लावला तर बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो. “दोन सेकंदांत बाळाचं सगळं बदलतं हो,” सिस्टर म्हणाल्या होत्या, आणि ते खरंच होतं. म्हणजे हात कॅमेऱ्याला लागता कामा नये आणि दाबल्या क्षणी फोटो तर निघाला पाहिजे. लांबून चालवण्याची वायर लावायला कॅमेऱ्याला जागा नव्हती. कॉम्प्युटरला जोडायचं एक भोक होतं तेवढंच. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर. आणि आता तर शब्दच देऊन बसले होते.

मुलीचा जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. उचापते त्याच्यासमोर ठाण मांडून बसले. जगात कुणाला तरी हीच खाज असणार, अशी त्यांची खात्री होती, आणि ती खोटी ठरली नाही. कुठकुठल्या देशांतल्या उचापत्यांनी मिळून असल्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी एक वेगळाच प्रोग्रॅम लिहून ठेवला होता, फुकट. कंपनीने कॅमेऱ्यात घातलेला प्रोग्रॅम आपल्या जागी तसाच राहतो. हा दुसरा बसतो कार्डावर. कॅमेरा चालू होताना कार्डाकडे बघतो. कार्ड लॉक केलेलं असेल, तर आपल्यासाठी इथे काहीतरी ठेवलंय असं तो समजतो आणि दुसरा प्रोग्रॅम चालवायला घेतो. लॉक उघडं असेल, तर कॅमेरा आपला नेहमीसारखा. त्याच्या पोटातला एक स्क्रूही हलत नाही.

कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, असा शब्द होता. कार्डाबद्दल शब्द नव्हता. उचापत्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतःच उठून चहा केला.

पुढचे दिवस ते कॅमेऱ्यात बुडाले. प्रोग्रॅम नेमक्या त्याच कॅमेऱ्याचा हवा, म्हणून आधी कॅमेऱ्याचा आतला नंबर शोधायचा होता. एका विशिष्ट नावाची रिकामी फाइल कार्डावर ठेवायची आणि दोन बटणं एकदम दाबायची, की पडद्यावर नंबर येतो. आला. इतकी वर्षं घरात वावरलेल्या माणसाने अचानक आपलं लहानपणचं लाडकं नाव सांगावं, तसं त्यांना वाटलं. प्रोग्रॅम चढवला, कार्ड लॉक केलं, कॅमेरा चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात कधी नव्हता तो बॅटरीचा आकडा दिसायला लागला. मग काय विचारता! एक मिनिट कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवून फोटो काढता येत होता. मोरीतल्या नळाच्या गळणाऱ्या थेंबांचा त्यांनी तसा फोटो काढला, तर थेंबांची नुसती दोरी आली. समोर काही हललं की कॅमेरा आपणहून फोटो काढत होता. त्यांनी तो खिडकीकडे तोंड करून ठेवला आणि कुंडीवर, म्हणजे मिक्सरच्या भांड्यावर, बसलेल्या चिमणीचे फोटो आले. बऱ्याच फोटोंत नुसती शेपटी होती, पण शेपटी लखलखीत होती.

हे दाखवायला ते धावत सिस्टरांकडे गेले.

“कॅमेरा खोललेला नाही हां! कार्डावर एक प्रोग्रॅम टाकलाय फक्त. हे बघ, कुणी बटण दाबलंच नाही. चिमणी आली आणि ह्याने आपोआप काढला.”

सिस्टरांनी शेपट्या बघितल्या. “चांगलं आहे की. म्हणजे बाळ हललं, की कॅमेरा फोटो काढणार.”

“अगदी बरोबर!”

“मग मी कशाला लागते?”

उचापते कॅमेरा घेऊन गुपचूप टेबलाशी परत आले.

त्या प्रोग्रॅमात आणखी एक गोष्ट होती. कॉम्प्युटरला जोडायच्या भोकातून थोडी वीज आत सोडली, की त्याच क्षणी फोटो. तीन सेल, लांब वायर आणि एक दाबायचं बटण, एवढ्यावर काम भागत होतं. उचापते भंगारवाल्याकडे गेले आणि त्याच्या ढिगाऱ्यात त्यांना हवी तशी वस्तू मिळाली. वायरीच्या टोकाला लटकणारं, मुठीत बसणारं पांढरं बटण. घरी येऊन त्यांनी ते सिस्टरांपुढे धरलं.

“ओळखलंस का?”

“ओळखलं,” सिस्टर म्हणाल्या. “पेशंटच्या उशाला असते ती घंटी. आयुष्यभर मी या घंटीच्या मागे धावले. ही माझ्या हातात देऊ नका.”

त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. उचापत्यांनी घंटी खणात अगदी मागे सारली. आपल्याला पंपाचं कळतं, नळाचं कळतं आणि जिच्याबरोबर जन्म काढला तिचं कळत नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

खोलीच्या कोपऱ्यात सिस्टरांचं शिलाई मशीन चादर पांघरून उभं होतं. सुई ओवता येईना तेव्हापासून ते बंद होतं. उचापत्यांनी चादर उचलली. खाली विजेचं पॅडल होतं, पायाच्या घासाने मधोमध गुळगुळीत झालेलं. त्यांनी पॅडल उचललं, परत खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि ते हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“याला हात लावू का?”

काही खोलण्याआधी उचापत्यांनी विचारल्याची ही पहिलीच वेळ असावी. सिस्टरांनी पॅडलकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“लावा,” त्या म्हणाल्या. “पाय अजून माझं ऐकतात.”

वायर आणि सेल जोडून पॅडल तयार झालं. कॅमेरा स्टँडवर बसवला आणि बाळाच्या जागी उशी ठेवली. सिस्टर खुर्चीत बसल्या, चप्पल काढली, पाय पॅडलवर ठेवला आणि दाबला. खट्ट! त्याच क्षणी. फोटोत उशीच्या शिवणीचा टाका न् टाका मोजून घ्यावा असा होता.

“अहो, दोरा दिसतोय!” सिस्टर म्हणाल्या. आणि हसल्या. असं हसू या घराने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर सरावाला बसल्या आणि पॅडल दाबलं, तर काहीच नाही. पुन्हा दाबलं. कॅमेरा मख्ख. कोपऱ्यातला बॅटरीचा आकडाही गायब. उचापत्यांनी “बघतो” म्हणून कॅमेरा नेला, कार्ड काढलं, तर लॉक उघडं! आपणच लावायला विसरलो असू, असं म्हणून त्यांनी ते लावलं. एकटे असताना दाबून पाहिलं, फोटो आला. तिसऱ्या दिवशी सिस्टर बसल्या आणि पुन्हा तेच. पुन्हा लॉक उघडं. चौथ्या दिवशी तर लॉक लावल्यावर त्यांनी स्वतःशी मोठ्याने “लावलं” असं म्हणून ठेवलं होतं. तरी उघडंच.

आता त्यांच्या मनात पाल चुकचुकली. कॅमेऱ्याबद्दल नव्हे, स्वतःच्या डोक्याबद्दल. पंपहाउसवर त्यांच्या हातून एक व्हॉल्व्ह कधी उघडा राहिला नव्हता. पण थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, आणि शेवटी स्वतःच्या घराचा रस्ता. सिस्टरांना हे सांगायची त्यांची हिंमत होईना. तिचा हात गेलाय, त्यात माझं डोकं गेलं तर बघायचं कुणी? सिस्टरही हल्ली त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत आणि मग नजर वळवत. तिच्या लक्षात आलं असणार, असं वाटून ते आणखीच खचले.

“राहू द्या आता,” एके संध्याकाळी सिस्टर हळूच म्हणाल्या. “तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ केलंत. फोनवर काढतील ते.”

“निघणार,” उचापते म्हणाले. “तुझ्याच पायाने निघणार.” पण आवाजात दम नव्हता.

मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. दवाखान्यातून थेट इकडेच यायच्या होत्या. त्या यायच्या दिवशी सकाळी उचापत्यांनी कार्डाला लॉक लावलं आणि सिस्टरांच्या मलमपट्टीच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी त्यावर घट्ट चिकटवली. आता विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही. उशीचा फोटो काढून पाहिला, पुसला. खाली हॉर्न वाजला तसे ते सामान आणायला पळाले.

वर आले तेव्हा मुलगी भिंतीला टेकून बसली होती. बाळ पलंगावर, जागं, आढ्याकडे बघत. जावई दारात चपला काढत होता. सिस्टर खुर्चीत, पाय पॅडलवर. उचापत्यांनी कॅमेरा चालू केला. कोपऱ्यात आकडा नव्हता.

“दाब बरं,” तरी ते म्हणाले.

सिस्टरांनी दाबलं. काही नाही.

“आई, राहू दे ना,” मुलगी समजुतीने म्हणाली. तिच्या नवऱ्याने खिशातला फोन अर्धा बाहेर काढला आणि सासऱ्यांचं तोंड बघून परत आत ठेवला.

उचापत्यांनी कार्ड काढलं. पट्टी नव्हती, लॉक उघडं होतं. पट्टी कार्डावरून गळून पडली असेल म्हणून ते खाली शोधायला वाकले आणि तिथेच थांबले. टेबलाच्या कडेला ती पट्टी लावलेली होती. एक टोक चिकटलेलं, दुसरं मोकळं, लगेच घेता येईल अशी. ड्रेसिंग करताना नर्स पट्ट्या अशाच लावून ठेवतात. घरात कुणाचा गुडघा फुटला, की या टेबलाला अशाच पट्ट्या लागायच्या.

“हे तू काढलंस?”

“मग काय करू?” सिस्टर म्हणाल्या. “रोज बघावं तर कार्डाला लॉक. लॉक असताना फोटो कसा येणार? म्हटलं, विसरत असाल. आपल्या मोठ्या भाऊजींचं असंच झालं होतं. तुम्हाला काही बोलवेना, म्हणून मीच गुपचूप उघडून ठेवत होते. आज तर वरून पट्टी! काढता काढता नाकी नऊ आले माझ्या.”

उचापते पलंगाच्या कडेवर मटकन बसले. आधी त्यांचा जीव भांड्यात पडला. डोकं शाबूत होतं. आणि मग ते बारीकसं लॉक डोळ्यांपुढे आलं, ज्याला त्यांचंही नख दोनदा घसरायचं. या हातांनी रोज ते उघडायला तिला किती वेळ लागत असेल? तेही आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

“अगं, ते लॉक लावायचंच असतं. पंपात आधी पाणी ओतल्याशिवाय पंप पाणी ओढतो का? तसं आहे हे. लॉक दिसलं की मग तो प्रोग्रॅम जागा होतो. आणि जागा झाला, की लॉक असलं तरी फोटो साठतो.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

“तुमचं दोघांचं होईपर्यंत झोपेल ती,” मुलगी म्हणाली.

उचापत्यांनी कार्ड पुढे केलं. “तूच लाव.”

सिस्टरांनी कार्ड घेतलं. नख लॉकवर गेलं, घसरलं, पुन्हा गेलं, पुन्हा घसरलं. उचापत्यांचा हात आपोआप पुढे झाला, तो त्यांनी मागे घेतला. शेवटी बारीक टक् असा आवाज आला. सिस्टरांनी स्वतःच कार्ड आत सारलं आणि कॅमेरा चालू केला. कोपऱ्यात आकडा उमटला.

त्या खुर्चीत बसल्या. आजवर बाळ बघायचं ते कॅमेऱ्याआडून. आज डोळ्यांसमोर काही नव्हतं आणि दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी उजवा हात बाळापुढे नेला. बाळाने बोट पकडलं. बोट थरथरत होतं, त्याबरोबर ती एवढीशी मूठही हलत होती. सिस्टर बघत राहिल्या. मुलगी अवघडली, जावयाने पायावरचा भार बदलला, सिस्टर ढिम्म. बाळाने मोठी जांभई दिली, ओठ मिटले, कपाळाला आठी घातली आणि डोळे उघडून समोरच्या तोंडाकडे बघितलं.

खट्ट.

सगळे पडद्यावर वाकले. आठी आली होती, पापणीचे केससुद्धा वेगवेगळे दिसत होते, आणि डोळ्यांत खिडकीचा चौकोन. कोपऱ्यात आजीचं बोट आणि त्याला धरलेली मूठ, तेवढंच पुसट होतं.

“आई, हात हलला गं,” मुलगी म्हणाली. “अजून एक काढ ना.”

“एकच,” सिस्टर म्हणाल्या.

सवयीने त्यांनी कार्ड बाहेर काढलं आणि कडेवरून नख फिरवलं. लॉक लावलेलंच होतं. करायला काही उरलं नव्हतं. त्या कार्ड तळहातावर घेऊन तशाच बसून राहिल्या. तळहात हलत होता आणि त्यावर कार्डही हलत होतं. उचापते शेजारीच उभे होते. त्यांनी हात पुढे केला नाही.